गोळी एकाची, काळजी साऱ्या घराची

आमच्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तोंडावरच्या मुरमांचा विषय बहुधा शेवटच्या दोन ओळींत येतो. आधी सासूबाईंची गुडघेदुखी, बाळाचा खोकला, मालकांचे पित्त, आणि मग जाता जाता मुलाच्या किंवा मुलीच्या पिंपल्सचा उल्लेख. एवढ्याशा गोष्टीसाठी काय विचारायचे, असा संकोच त्यामागे असतो. पण ज्या घरातली मुलगी ओढणीने तोंड बांधूनच बाहेर पडते, ज्या घरातला मुलगा लग्नकार्यात फोटोच्या वेळी मागे सरकतो, त्या घराला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही.

यावेळी मात्र एका ताईंचे सबंध पत्रच या विषयावर आले आहे. त्यांची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर एका दुकानात काम करते. तोंडावर आणि पाठीवर मोठमोठ्या दुखऱ्या गाठी, आत पू, आणि बऱ्या झाल्या की मागे खड्डे. सरकारी रुग्णालयात कातडीच्या विभागात दाखवले. तेथील डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल लिहून दिली, पण त्याआधी रक्ततपासणी आणि लघवीची गरोदरपणाची तपासणी करायला लावली. ताई लिहितात, “माझ्या पोरीचे लग्न झालेले नाही. मग ही तपासणी कशाला? तिच्या वडिलांनी दोन दिवस अबोला धरला. शेजारीण म्हणाली, ही गोळी घेतली की पुढे मूल होत नाही. आता गोळ्यांची पाकिटे कपाटात पडून आहेत आणि पोरगी कुणाशी बोलत नाही. आम्ही काय करावे?”

या ताईंना द्यायचे उत्तर अनेक घरांच्या कामाचे आहे, म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत.

गोळी कोणती आणि ती करते काय

या औषधाचे नाव आयसोट्रेटिनॉइन. निरनिराळ्या कंपन्या ते निरनिराळ्या नावांनी विकतात. पण पाकिटावर बारीक अक्षरांत हे मूळ नाव असते, ते वाचायला शिकावे. अमेरिकेत १९८२ साली गंभीर मुरमांसाठी या औषधाला मान्यता मिळाली. आज ते आपल्याकडेही सर्वत्र मिळते.

मुरूम का येतात, हे आधी समजून घेऊ. कातडीखाली तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना शरीरातील संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, वाढतात आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मेलेल्या कातडीने बुजते, आत तेल साचते, त्यात जंतू वाढतात आणि सूज येते. म्हणजे मुरूम हे अस्वच्छपणाचे लक्षण नाही, वाईट विचारांचे नाही आणि “अंगातली उष्णता” बाहेर पडत असल्याचेही नाही. जी मुलगी दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड धुते, तिलाही मुरूम येतात. उलट घासून घासून तिची कातडी अधिक चिडते.

आयसोट्रेटिनॉइन या तेलग्रंथींना आकसून टाकते, छिद्रे बुजू देत नाही आणि सूज कमी करते. तेल कमी झाले की जंतूंचेही पोषण थांबते. म्हणून जिथे मलमे आणि जंतुनाशक गोळ्या थकतात, तिथे हे औषध काम करते. पण प्रत्येक पिंपलला ही गोळी लागत नाही. चार-दोन पुटकुळ्यांना साधी मलमे पुरतात. खोल गाठी, खड्डे पडणारे मुरूम किंवा बाकी उपचारांना दाद न देणारे मुरूम असतील, तरच कातडीचे डॉक्टर ही गोळी देतात. मुलीची पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मग मुळातले कारण वेगळे असू शकते.

हे औषध अ जीवनसत्त्वाच्या कुळातले आहे. ते ऐकून कुणी म्हणते, “जीवनसत्त्वच तर आहे, ताकदीची गोळी समजा.” तसे मुळीच नाही. ही फार जोरकस गोळी आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घ्यायची नाही. एखादा मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देत असेल, तर तो आपल्यावर उपकार करीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

त्या तपासणीबद्दल

आता ताईंच्या मुख्य प्रश्नाकडे वळू.

ही गोळी चालू असताना पोटात गर्भ असेल, तर बाळामध्ये गंभीर व्यंग येण्याचा मोठा धोका असतो. कान, चेहरा, हृदय, मेंदू यांच्या घडणीत दोष राहतात. गर्भपातही होऊ शकतो. गर्भ राहिल्याचे कित्येकदा बाईला स्वतःलाही पहिले काही आठवडे समजत नाही, आणि नुकसान त्याच आठवड्यांत होते. म्हणून डॉक्टर कुणाचे तोंड पाहून, कुणाची जात, पगार किंवा मंगळसूत्र पाहून ठरवत नाहीत. मूल होऊ शकेल अशा वयाच्या प्रत्येक मुलीला आणि बाईला तोच प्रश्न विचारायचा आणि तीच तपासणी करायची, असा या औषधाचा नियम आहे. अमेरिकेत तर याच कारणासाठी २००६ साली आयप्लेज नावाची सक्तीची नोंदणी योजना सुरू झाली. तिथल्या बाईलाही नोंदणी आणि तपासणी केल्याशिवाय ही गोळी मिळेनाशी झाली.

तेव्हा ताई, तुमच्या मुलीवर कुणी संशय घेतला नाही. उलट डॉक्टरीणबाईंनी आपले काम चोख केले. जे डॉक्टर न विचारता ही गोळी लिहून देतात, त्यांच्यापासून सावध राहावे. तुमच्या यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवा. बापाचा अबोला हा त्या मुलीला गोळीच्या कुठल्याही त्रासापेक्षा जड जातो. आणि एक गोष्ट आयांनी समजून घ्यावी. डॉक्टरांना मुलीशी दोन मिनिटे एकटीशी बोलायचे असेल, तर आपण खोलीबाहेर थांबावे. विश्वासाने विचारलेल्या प्रश्नाला मुली खरे उत्तर देतात आणि खऱ्या उत्तरावर पुढचा उपचार अवलंबून असतो.

शेजारीणबाईंचे म्हणणे मात्र खरे नाही. या गोळीने कायमचे वांझपण येते, असे नाही. औषध बंद केल्यावर ते काही दिवसांत शरीरातून निघून जाते. सुरू करण्याआधी एक महिना, चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर पुढे निदान एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही, असा नियम आहे. तुमच्या डॉक्टरांनी याहून जास्त काळ सांगितला, तर तो पाळावा. त्यानंतर मूल होण्यास या औषधाची आडकाठी राहत नाही. पुरुषांच्या बाबतीत, गोळी घेणाऱ्या पुरुषामुळे बायकोच्या पोटातील बाळाला असा धोका असल्याचे आढळलेले नाही. पण त्याने आपली गोळी कुणालाही देऊ नये.

लग्न झालेल्या भगिनींनी याबाबत लाजून चालणार नाही. फक्त दिवस मोजण्यावर भरवसा ठेवू नये. तांबी, गर्भनिरोधक गोळी, इंजेक्शन यांपैकी डॉक्टर सांगतील ते साधन आणि त्याच्या जोडीला निरोध, अशी दुहेरी काळजी घ्यावी. ही साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. निरोध वापरण्याची जबाबदारी नवऱ्याची आहे, तिथे कुरकुर चालणार नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने ही गोळी घेऊ नये. पाळी चुकली, तर गोळी ताबडतोब बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मुलीचे लग्न ठरत असेल, तर तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना सांगावे. लग्न झाल्यावर सांगणे म्हणजे उशीर.

एकाची गोळी दुसऱ्याला नको

आपल्या घरांत औषध वाटून घेण्याची सवय आहे. डोके दुखले की शेजारून गोळी आणायची, दादाचा खोकला बरा झाला त्याच बाटलीने वहिनीचा करायचा. पैसे वाचतात म्हणून आपण असे करतो. या गोळीच्या बाबतीत ही सवय एखाद्या बाळाचे आयुष्य नासवू शकते. दिराचे तोंड साफ झालेले पाहून नव्या वहिनीने त्याच्या पाकिटातल्या चार गोळ्या घेतल्या आणि तिला दिवस गेलेले असले, तर पुढे काय होईल ते वर सांगितलेच आहे. म्हणून ज्याची गोळी त्यानेच घ्यावी. पाकिटावर त्याचे नाव लिहावे, मुलांच्या हाताला लागणार नाही असे उंचावर ठेवावे आणि उपचार संपल्यावर उरलेल्या गोळ्या “असू दे, कामाला येतील” म्हणून जपून ठेवू नयेत.

याच कारणाने गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर पुढे एक महिना रक्तदान करायचे नाही. आपण दिलेले रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवले जाऊ शकते. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या वस्त्यांत, मंडळांत रक्तदान शिबिरे होतात आणि तरुण पोरे हिरिरीने पुढे येतात. यंदा गोळी चालू आहे म्हणून जो मागे राहील, त्याला कुणी घाबरट म्हणू नये. त्याने शिबिरात टेबल मांडावे, नावे लिहून घ्यावीत, पाणी द्यावे. रक्त पुढच्या वर्षी देता येईल.

महिन्यांचा आणि पैशांचा हिशेब

गोळी सुरू करण्याआधी घरात बसून एक हिशेब करावा. हे औषध पाच-दहा दिवसांचे नसते. डॉक्टर वजनावरून मात्रा ठरवतात. साधारणपणे दर किलो वजनामागे एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम औषध पोटात जावे, असा एक जुना हिशेब आहे. म्हणजे ५० किलो वजनाच्या मुलीला एकूण ६,००० मिलिग्रॅम. रोज २० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घेतली, तर ३०० दिवस लागतील. रोज ४० घेतली, तर १५० दिवस. काही डॉक्टर मुद्दाम कमी मात्रा देतात, त्रास कमी व्हावा म्हणून. तेव्हा मैत्रिणीचा कोर्स पाच महिन्यांत संपला आणि आपल्याला आठ महिने लागले, तर डॉक्टर फसवतात असे समजू नये.

एका कॅप्सूलची किंमत विचारावी, तिला दिवसांनी गुणावे, त्यात रक्ततपासणीचा आणि येण्या-जाण्याचा खर्च मिळवावा. यकृताची आणि रक्तातील चरबीची तपासणी सुरुवातीला आणि नंतर मधूनमधून लागते, ती पैसे वाचवण्यासाठी चुकवायची नाही. खर्च झेपत नसेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्यात लाज कसली? स्वस्त कंपनीची तीच गोळी लिहून द्या, असे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. जनऔषधी दुकानात मूळ नाव सांगून चौकशी करावी. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. एखादे औषध तिथे शिल्लक नसले आणि बाहेरून घ्यावे लागले, तरी निदान तपासणीचा भार हलका होतो. पैसे संपले म्हणून कोर्स अर्ध्यात सोडणे आणि पगार झाल्यावर पुन्हा स्वतःच्या मनाने सुरू करणे, हे सर्वांत वाईट. त्यापेक्षा आधीच हिशेब मांडावा.

रोजच्या दिवसात काय होते

ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते, उपाशीपोटी नाही. ती तेल-तुपात विरघळते, म्हणून जेवणात थोडी स्निग्धता असली म्हणजे अंगी लागते. त्यासाठी खास काही आणायला नको. फोडणीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, अंडे किंवा कपभर दूध पुरते. ज्यांची पाळी बदलते, त्यांनी घड्याळाकडे न पाहता मुख्य जेवणाशी गोळी जोडावी. रात्रपाळीवाल्याने डब्यात ठेवावी. एक दिवस चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

पहिल्याच महिन्यात मुरूम थोडे वाढल्यासारखे दिसू शकतात. कितीतरी मुले इथेच गोळी सोडतात आणि “औषध बाधले” म्हणतात. असे होऊ शकते, हे आधी माहीत असावे. मुरूम फारच वाढले, तर डॉक्टरांना दाखवावे, पण आपल्या मनाने थांबू नये. फरक दिसायला एक-दोन महिने द्यावे लागतात.

त्यानंतर येतो कोरडेपणा. ओठ जवळजवळ प्रत्येकाचे फुटतात. जिभेने ओठ ओले करण्याची सवय सोडावी, त्याने ते अधिक फुटतात. व्हॅसलीनची लहान डबी खिशात किंवा पर्समध्ये ठेवावी आणि दिवसातून सात-आठ वेळा लावावे. महागडा लिप बाम लागत नाही. मुलगा व्हॅसलीन लावतो म्हणून त्याची चेष्टा करणाऱ्या मित्रांना घरच्या थोरांनी समज द्यावी. नाक आतून कोरडे पडून घोळणा फुटतो. झोपताना नाकपुडीच्या कडेला बोटाने थोडे व्हॅसलीन फिरवावे, नाक कोरू नये. रक्त आले, तर मान पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. थांबत नसेल, तर दवाखान्यात जावे.

डोळे चुरचुरतात. धुळीत, सूतगिरणीत, वेल्डिंगजवळ, शेगडीपुढे काम करणाऱ्यांना हा त्रास जास्त जाणवतो. डॉक्टर डोळ्यांत घालायचे ओलाव्याचे थेंब देतात. चष्म्याऐवजी लेन्स लावणाऱ्यांना त्या खुपू लागतात, तेवढे महिने चष्मा बरा. काही जणांना रात्री अंधारात कमी दिसू लागते. रात्री रिक्षा, टेम्पो, मोटारसायकल चालवणाऱ्यांनी आणि यंत्रावर रात्रपाळी करणाऱ्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. तसे जाणवले, तर रात्रीची गाडी त्या दिवसापासून थांबवावी आणि डॉक्टरांना सांगावे. एका खेपेचे भाडे बुडाले, तर ते भरून काढता येते.

ज्या भगिनी चार घरची धुणीभांडी करतात, त्यांच्या हातांची कातडी साबण-पावडरीने आणखी सोलते. शक्य तर रबरी हातमोजे घालावेत, नाही तर प्रत्येक घरचे काम झाल्यावर हात पुसून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. तोंडाला मात्र खोबरेल तेल थापू नये, त्याने छिद्रे बुजू शकतात. तोंडासाठी डॉक्टरांनी सांगितलेले साधे मलम वापरावे. आंघोळ कढत पाण्याने करू नये. तोंडाला सौम्य साबण दोन वेळा पुरे.

कातडी उन्हाला नाजूक होते. बांधकामावर, भाजीच्या गाडीवर, शेतात काम करणाऱ्यांनी टोपी, उपरणे, ओढणी, पूर्ण बाह्यांचा सदरा यांचा आधार घ्यावा. झेपत असेल, तर सनस्क्रीन लावावे. जयंतीची मिरवणूक एप्रिलच्या उन्हात असते, आणि दीक्षाभूमीला जाणाऱ्यांना ऑक्टोबरचे ऊन असते. गोळी चालू असलेल्यांनी जरूर जावे, फक्त सोबत पांढरे उपरणे, पाण्याची बाटली, व्हॅसलीन आणि गोळ्यांचे पाकीट न्यावे.

पाठ आणि सांधे दुखतात. हमाली करणाऱ्यांना, तालमीत किंवा जिममध्ये जाणाऱ्यांना हे जास्त जाणवते. ओझे आणि व्यायाम थोडा कमी करावा, आणि दुखणे वाढले तर डॉक्टरांना सांगावे. काहींचे केस गळतात, ते बहुधा पुढे भरून येतात.

पार्लरमध्ये जाणाऱ्या मुलींनी या काळात वॅक्सिंग करू नये, कातडी सोलून निघते. थ्रेडिंग आणि ब्लीचलाही जपून. वॅक्सिंग बंद केल्यानंतर किती महिन्यांनी करायचे आणि खड्ड्यांवर उपचार केव्हा करायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

काय बरोबर घेऊ नये

अ जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या, ताकदीच्या गोळ्या किंवा माशाच्या यकृताचे तेल या काळात घेऊ नये. गाजर, पालक, पपई खायला हरकत नाही, अन्नातून येणाऱ्या जीवनसत्त्वाची भीती नाही. मुरमांसाठीच दिल्या जाणाऱ्या डॉक्सीसायक्लिनसारख्या जंतुनाशक गोळ्या याबरोबर चालत नाहीत, दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. म्हणून तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तरी हे पाकीट दाखवावे. दारू बंद ठेवावी. यकृतावर आधीच गोळीचा भार आहे, त्यावर दारूचा नको.

आणि एक जुनी सवय. मुरमांवर टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा, बेसन-हळदीचा जाड लेप हे सारे बंद. त्याहून वाईट म्हणजे गोरे करणारी मलमे. आपल्या पोरींना सावळ्या रंगावरून बोल लावले जातात, मग त्या दुकानातून एखादी ट्यूब आणतात आणि आठ दिवसांत तोंड उजळले म्हणून खूश होतात. अशा कितीतरी ट्यूबांत स्टेरॉइड असते. त्याने पुढे कातडी पातळ होते, तोंड लाल पडते, केस उगवतात आणि मुरूम आणखी भडकतात. केंद्र सरकारने २०१८ साली अशी चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीच्या यादीत घातली, ती उगाच नव्हे. काळा रंग हा आजार नाही आणि त्यावर औषध नको आहे. उपचार करायचा तो मुरमांवर.

केव्हा थांबायचे आणि धावायचे

ओठ फुटणे, कोरडेपणा, थोडी पाठदुखी हे या गोळीबरोबर येणारच. पण पुढील गोष्टी वेगळ्या आहेत. डोके असह्य दुखून उलट्या होणे, अंधुक किंवा दोन-दोन दिसणे. पोटात जोरात कळ येणे आणि ती न थांबणे. डोळे किंवा लघवी पिवळी होणे. शौचावाटे रक्त पडणे. अंगावर फोड येणे. यांपैकी काहीही झाले, तर गोळी बंद करून त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि पाकीट सोबत न्यावे.

आणखी एक लक्षण बाहेरून दिसत नाही. काही जणांमध्ये या गोळीच्या काळात मन खचल्याचे आढळले आहे. प्रत्येक वेळी ते गोळीमुळेच होते असे नाही, मुरमांनीही माणूस खचतो. पण कारण शोधत बसण्यापेक्षा घरच्यांनी लक्ष ठेवावे. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, कोपऱ्यात बसू लागले, चिडचिड वाढली, “माझे जगून काय उपयोग” असे बोलू लागले, तर त्याला “नाटक करतो” म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे, एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना लगेच कळवावे. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीतही बोलता येते. आधी कधी मनाच्या आजाराचे औषध घेतले असेल, तर तेही गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवे.

आता ताईंना

ताई, कपाटातली पाकिटे तशीच सुरू करू नका. इतके दिवस गेले आहेत, तेव्हा पुन्हा एकदा केस पेपर घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे जा. तपासणी पुन्हा करायला सांगतील, ती करा. या वेळी मुलीच्या वडिलांनाही बरोबर न्या. त्यांनी बाकड्यावर शेजारी बसावे, एवढ्यानेच मुलीला कळेल की घर तिच्या बाजूने आहे. मनातले प्रश्न कागदावर लिहून न्या. किती महिने, किती खर्च, पुढची तपासणी केव्हा, त्रास झाला तर कुणाला भेटायचे, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात, तरी विचारणे हा आपला हक्क आहे. सारे ऐकून ही गोळी नकोच असे ठरले, तर तेही डॉक्टरांना सांगा. दुसरे उपचार आहेत, वेळ जास्त लागतो इतकेच.

मुलीलाही एक सांगा. कोर्स पुरा झाल्यावर बहुतेकांचे तोंड स्वच्छ होते, काहींना पुन्हा मुरूम येतात आणि कधी दुसऱ्यांदा गोळी घ्यावी लागते. जुने खड्डे या गोळीने पूर्ण भरत नाहीत, पण नवे पडायचे थांबतात. म्हणून खऱ्या अर्थाने ज्यांना गरज आहे त्यांनी फार उशीर करू नये. आणि तोंड साफ होईपर्यंत कॉलेज बुडवायचे नाही, कामाला खाडा करायचा नाही, मैत्रिणींच्या हळदीला जायचे टाळायचे नाही. मुरूम असलेले तोंड घेऊनही परीक्षा देता येते.

ज्या घरांत ही गोळी चालू आहे किंवा सुरू व्हायची आहे, त्यांनी हे पान कापून केस पेपरबरोबर ठेवावे. वाचता न येणाऱ्या आजीला आणि वाचायचा कंटाळा करणाऱ्या दादालाही ते मोठ्याने वाचून दाखवावे. या विषयावर आणखी काही विचारायचे असेल, तर अवश्य लिहावे. आणि पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत नको, पहिल्याच ओळीत लिहावे.